नव्या पिस्तुलावरचे ग्रीस : साठवणुकीतील कवच, वापरातील अडथळा

कारखान्यातून आलेले नवे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ग्राहकाच्या हाती पडते, तेव्हा ते पाहताक्षणी नवे वाटतेच असे नाही. मेणकागद अथवा प्लास्टिकचे वेष्टन उलगडल्यावर आत दिसतो तो पिवळसर किंवा तपकिरी, चिकट थर. नळीत, स्लाइडच्या खाचांत, सिलिंडरच्या घरांत आणि कधी कधी मॅगझिनच्या स्प्रिंगवरही तो बसलेला असतो. काही उत्पादक जाड ग्रीसऐवजी तेलाचा पातळ थर देतात. पण उद्देश एकच. शस्त्र कारखान्याच्या कोठारातून विक्रेत्याच्या दुकानात आणि तेथून परवानाधारकाच्या घरी पोहोचेपर्यंत त्याला गंज चढू नये.

हा थर साठवणुकीसाठी असतो, वापरासाठी नव्हे. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यास शस्त्र ऐनवेळी दगा देते किंवा क्वचित प्रसंगी चालवणाऱ्यालाच इजा करते. उलट टोकाला जाऊन ग्रीस पूर्ण धुऊन काढले आणि धातू कोरडा ठेवला, तर कोकणपट्टीच्या एका पावसाळ्यात त्यावर लाल ठिपके उमटतात. हा थर कशासाठी असतो, तो कसा काढावा आणि त्याच्या जागी काय ठेवावे, हे म्हणूनच शस्त्रधारकाने पहिली गोळी झाडण्यापूर्वी जाणून घ्यायला हवे.

गंज आणि ग्रीस

पोलादावर गंज चढण्यासाठी दोन गोष्टी पुरेशा असतात : पाणी आणि प्राणवायू. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की पोलादाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा जमतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. त्यात क्षार मिसळले तर हा वेग आणखी वाढतो. समुद्राकाठची हवा हा क्षारांचा एक स्रोत. माणसाचा घाम हा दुसरा. उघड्या पोलादावर उमटलेला बोटांचा ठसा काही दिवसांनी गंजाच्या रूपाने तसाच दिसू लागतो, तो घामातील मिठामुळे.

शस्त्रांच्या पोलादावर दिसणारी निळसर-काळी झिलई हेच पुरेसे संरक्षण आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः ही झिलई म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. तो सच्छिद्र असल्याने तेल धरून ठेवतो आणि त्या तेलाच्या साह्यानेच गंज रोखतो. तेल नसेल तर झिलईचा उपयोग मर्यादित.

संरक्षक ग्रीस हे काम अगदी साध्या रीतीने करते. ते धातूला चिकटून बसते आणि हवा व पाणी यांना धातूपर्यंत पोहोचूच देत नाही. त्यात मेणासारखे घटक अधिक असल्याने ते सहजी वाहून जात नाही. मात्र काळ लोटला, की त्यातील हलकी तेले उडून जातात आणि मागे राहतो तो मेणाचा कडक, तपकिरी थर. काही महिन्यांपूर्वी लावलेले ग्रीस बोटाने पुसता येते. काही दशकांपूर्वी लावलेले खरवडावे लागते.

व्हॅसलिनचे भावंड

या ग्रीसचे जगभर प्रसिद्ध असलेले नाव म्हणजे कॉस्मोलीन. आज ते एका प्रकारच्या संरक्षक ग्रीसचे सर्वसाधारण नाव झाले असले, तरी मुळात ते एका कंपनीचे व्यापारचिन्ह. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८६५ मध्ये स्थापन झालेल्या ई. एफ. हॉटन अँड कंपनीने ते बाजारात आणले. विशेष म्हणजे, आरंभी त्याचा बंदुकांशी संबंध नव्हता. जखमांवर आणि त्वचेवर लावण्याचे मलम म्हणून ते विकले जात असे.

हा योगायोग नव्हता. पेनसिल्वेनियातील टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर लागली, तेव्हा पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा एक पदार्थ साचत असल्याचे कामगारांच्या लक्षात आले. यंत्रात अडकणारा हा उपद्रवी पदार्थ कामगार मात्र कापल्या-भाजल्यावर लावीत. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने त्याचे शुद्धीकरण करून व्हॅसलिन तयार केले आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. कॉस्मोलीन हे त्याच पेट्रोलियम जेलीच्या कुळातले. त्वचेवरील ओलावा अडवून धरण्याचा जो गुण मलमात उपयोगी पडतो, तोच पोलादाला बाहेरच्या ओलाव्यापासून वाचवतो.

दुसऱ्या महायुद्धात या गुणाची खरी परीक्षा झाली. अमेरिकेतील कारखान्यांत तयार झालेली शस्त्रे आणि सुटे भाग जहाजांतून महासागर ओलांडून युरोपात व प्रशांत महासागरातील दमट बेटांवर पाठवायचे होते. खाऱ्या हवेत आठवडेच्या आठवडे काढायचे, तर धातूला जाड कवच हवेच. त्यामुळे लहान शस्त्रांपासून मोठ्या यंत्रसामग्रीपर्यंत सारे काही अशा ग्रीसमध्ये बुडवून, मेणकागदात गुंडाळून रवाना होऊ लागले. ती खोकी उघडून शस्त्रे धुण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्या सैनिकांच्या आठवणींत या ग्रीसला कायमचे स्थान मिळाले.

रशियातील 'तोफेची चरबी'

सोव्हिएत संघाकडेही याच जातीचे ग्रीस होते. त्याचे अधिकृत नाव 'तोफांचे ग्रीस' अशा अर्थाचे; सैनिकांच्या बोलीत मात्र ते 'तोफेची चरबी' झाले. महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत लक्षावधी शस्त्रे दुरुस्त करून पुढच्या युद्धासाठी राखून ठेवण्यात आली. त्यांत १८९५ च्या नमुन्याचे नागान रिव्हॉल्व्हरही होते. बेल्जियमच्या नागान बंधूंच्या नावाने ओळखले जाणारे आणि पुढे रशियातील तुला येथे बनलेले हे सात गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर.

शीतयुद्ध संपल्यानंतर यांतील बरीच शस्त्रे अतिरिक्त साठा म्हणून अमेरिकेतील नागरी बाजारात आली. खरेदीदारांना ती मिळाली ती त्याच जाड ग्रीसच्या लेपासह. लेप काढल्यावर आतील धातू उत्तम स्थितीत निघत असे. अनेक दशकांच्या साठवणुकीनंतर शस्त्र जसेच्या तसे राहावे, हे या ग्रीसच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्रच. पण तेच शस्त्र न धुता चालवू पाहणाऱ्यांना दुसरा अनुभव येई. नागानचे सिलिंडर गोळी सुटण्यापूर्वी पुढे सरकून नळीशी घट्ट भिडते, आणि त्यासाठी आतल्या यंत्रणेला मोकळी हालचाल लागते. घट्ट झालेल्या ग्रीसमुळे ही हालचालच मंदावत असे.

अलीकडच्या काळात अनेक उत्पादकांनी जाड ग्रीसचा वापर कमी केला आहे. पातळ संरक्षक तेल आणि त्यावर गंजरोधक बाष्प सोडणाऱ्या कागदाची किंवा पिशवीची जोड, ही पद्धत आता रूढ आहे. या कागदातील रसायन हळूहळू उडून बंद पिशवीतील धातूवर अदृश्य थर धरते. तरीही लष्करी परंपरेतील कारखान्यांतून येणाऱ्या आणि दीर्घकाळ कोठारात राहणाऱ्या शस्त्रांच्या बाबतीत ग्रीस अद्याप हद्दपार झालेले नाही.

न काढल्यास काय होते?

कोठारातील हे कवच वापरात पाच ठिकाणी अडचण करते.

पहिली जागा नळी. गोळी नळीतून अतिशय वेगाने पुढे जाते. वाटेत ग्रीसचा जाड गोळा असेल, तर तो तेवढ्या अवधीत बाजूला होऊ शकत नाही. गोळीच्या मागचा वायूचा दाब एकदम वाढतो. त्याने नळी एखाद्या ठिकाणी कायमची फुगते, आणि प्रसंग वाईट असेल तर फाटते. पातळ तेलाच्या थराने असे होत नाही. मात्र आत किती साचले आहे, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरी जागा काडतूस बसते ते घर. गोळी सुटताना पितळी पुंगळी क्षणभर फुगून घराच्या भिंतींना घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या दाबाचा काही भार त्या भिंतींवर टाकते. भिंतींवर ग्रीस असेल तर ही पकड ढिली पडते आणि तो भार शस्त्राच्या मागच्या भागावर येतो. याच्याशी नाते सांगणारे एक उदाहरण रायफलींच्या जगातले आहे. अमेरिकेत १९२१ मधील राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्यांची काडतुसे पुरवण्यात आली होती. नेमबाजांना काडतुसांना ग्रीस लावण्याची जुनी सवय होती. मुलामा आणि ग्रीस एकत्र आले आणि नळीतील दाब धोकादायक पातळीवर गेला.

तिसरी जागा फायरिंग पिनची नलिका. येथे ग्रीस घट्ट झाले तर पिन पुरेशा जोराने पुढे येत नाही. काडतुसाच्या प्रायमरवर हलकासा ठोका बसतो आणि गोळी सुटत नाही. थंडीत हा दोष वाढतो. याहून गंभीर शक्यता म्हणजे पिन पुढे आलेल्या स्थितीत अडकणे. तसे झाल्यास चाप न ओढताही, नवे काडतूस घरात ढकलले जाताच ते सुटू शकते. सोव्हिएत बनावटीच्या एसकेएस या रायफलीबाबत हा धोका शस्त्रधारकांत सर्वज्ञात आहे. कारण तिची पिन नलिकेत मोकळी असते आणि साठवणुकीतील ग्रीस नेमके तेथेच साचते.

चौथी जागा रिव्हॉल्व्हरमधील चांदणीच्या आकाराचा भाग, जो रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलतो. त्याच्या खाली ग्रीस किंवा कचरा राहिला, तर तो पूर्ण मागे बसत नाही. परिणामी सिलिंडर नीट बंद होत नाही किंवा फिरताना अडते.

पाचवी जागा मॅगझिन. आतील स्प्रिंग ग्रीसमध्ये जड झाली, की पुढचे काडतूस वेळेवर वर येत नाही. शिवाय ग्रीस आणि तेल काडतुसांना लागत राहिले, तर ते कालांतराने प्रायमरच्या कडेतून आत झिरपून काडतूस निकामी करू शकते.

याखेरीज चिकट थरावर धूळ आणि दारूची काजळी जमते व तिचा लेप घासणाऱ्या भागांची झीज करतो, ही रोजची अडचण आहेच.

आधी रिकामे, मग स्वच्छ

शस्त्र स्वच्छ करतानाच्या अपघातांचे मूळ बहुधा एकच असते : ते रिकामे आहे, हे गृहीत धरणे. मुंबईत १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधील गोळी लागली. ते कपाटात ठेवत असताना हातातून निसटले, अशी माहिती त्या वेळी देण्यात आली होती. भरलेले शस्त्र हाताळताना क्षणभराची चूकही पुरते, याचे हे अनेकांच्या लक्षात राहिलेले उदाहरण.

नवे शस्त्र कारखान्यातून रिकामेच येते, हे खरे. पण सफाईची सवय पहिल्या दिवशी जशी लागते तशी ती आयुष्यभर राहते. म्हणून क्रम ठरलेला असावा. शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून घर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. हा क्रम उलटा केला, तर मॅगझिनमधील काडतूस पुन्हा घरात चढते. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून प्रत्येक घर पाहावे. ग्रीसने भरलेल्या घरात काय आहे ते नीट दिसत नाही, हे येथे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे. काडतुसे सफाईच्या खोलीत नसावीतच; ती दुसऱ्या खोलीत कुलपात राहिली, तर चुकीला वावच उरत नाही. घरातील मुलांना या वेळी दूर ठेवणे हे ओघाने आलेच.

सफाईची रीत

पहिले साधन म्हणजे उत्पादकाची माहितीपुस्तिका. शस्त्र किती सुटे करायचे, याची सीमा तिच्यात दिलेली असते. पिस्तुलाच्या बाबतीत साधारणतः स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन एवढेच भाग वेगळे करणे अभिप्रेत असते. चाप आणि घोडा यांची आतली जुळणी उकलणे हे कसबी कारागिराचे काम.

सुटे केलेले भाग जुन्या वर्तमानपत्रावर मांडून आधी कोरड्या चिंध्यांनी ग्रीस पुसून घ्यावे. जितके जास्त पुसून निघेल तितके द्रावक कमी लागते. खाचाखोचांसाठी जुना टूथब्रश, कान कोरण्याच्या कापूसकाड्या आणि लाकडी टूथपिक पुरेसे. लोखंडी सुई किंवा पेचकसाच्या टोकाने खरवडण्याचा मोह टाळावा. त्याने झिलई निघते आणि तेथूनच पुढे गंज धरतो.

उरलेला थर काढण्यासाठी द्रावक हवे. रंगकामाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल यांत हे ग्रीस सहज विरघळते. पोलादी सुटे भाग उथळ पत्र्याच्या भांड्यात थोड्या टर्पेंटाइनमध्ये काही वेळ भिजत ठेवून ब्रशने घासावेत. खिडक्या उघड्या, हातात नायट्रिल मोजे आणि आसपास गॅस, उदबत्ती वा सिगारेट नाही, ही किमान दक्षता. बंदुकांसाठी खास बनवलेली द्रावकेही मिळतात. त्यांचा उपयोग ग्रीसपेक्षा नळीतील काजळी आणि शिसे काढण्यास अधिक होतो.

नळी शक्यतो मागच्या बाजूने स्वच्छ करावी. सळईला द्रावकात बुडवलेला कापडाचा तुकडा लावून तो आरपार काढावा, मग पितळी तारांचा ब्रश काही वेळा फिरवावा आणि शेवटी कोरडे तुकडे स्वच्छ निघेपर्यंत घालावेत. नळी उजेडाकडे धरून पाहिल्यास आतील पेचदार खाचा अखंड चमकताना दिसल्या पाहिजेत. नव्या शस्त्राच्या नळीतून प्रसंगी थोडी काजळीही निघते. त्यात वावगे काही नाही. शस्त्र विक्रीपूर्वी कारखान्यात चाचणीसाठी झाडून पाहिलेले असते.

रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घरासाठी हीच कृती करावी लागते. चांदणी वर ढकलून तिच्या खालची बाजू आणि तिची बैठक दोन्ही पुसावीत. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडणाऱ्या, म्हणजे वेब्ली धाटणीचे आहे. कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणलेले 'निर्भीक' हेही मधून मोडून उघडते. अशा रचनेत उघडताना सर्व पुंगळ्या एकाच वेळी बाहेर ढकलल्या जातात. त्यामुळे चांदणीखालची सफाई येथे अधिकच महत्त्वाची.

उष्णतेचा उपयोग

कॉस्मोलीन साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळू लागते. त्यामुळे जुना, कडक थर काढताना द्रावकापेक्षा उष्णता अधिक कामी येते. पोलादी सुट्या भागांवर कढत पाणी ओतले, की मेण सुटून वर तरंगते. पाण्यातून काढलेला तापलेला भाग स्वतःच्या उष्णतेने लवकर वाळतो. मात्र वाळताक्षणी त्याला तेल लावले नाही, तर काही मिनिटांतच गंजाची पिवळसर झाक दिसू लागते. लाकडी मुठीचे तुकडे पाण्यात घालू नयेत. लाकडात मुरलेले ग्रीस काढण्यासाठी ते कागदात गुंडाळून उन्हात ठेवावे आणि पाझरलेले ग्रीस वरचेवर पुसावे.

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात पडलेला काळा धातू त्याहून कितीतरी तापतो. म्हणजे विदर्भातील उन्हाळा हे काम अर्धे स्वतःच करून देतो. हाच मुद्दा उलट बाजूनेही खरा आहे. ग्रीस पूर्ण न काढलेले शस्त्र उन्हात तापले, की आत दडलेले ग्रीस पातळ होऊन मुठीवर आणि यंत्रणेत उतरते. 'पहिल्या दिवशी स्वच्छ केले होते, पण पुन्हा चिकट झाले' या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

हे टाळावे

पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेऊ शकते आणि जमिनीलगत दूरवर पसरते.

सॅंडपेपर, भांडी घासण्याची तारेची घासणी किंवा पोलादी ब्रश वापरू नये.

प्लास्टिकचा सांगाडा असलेल्या पिस्तुलावर तीव्र द्रावके फवारू नयेत. काही द्रावके प्लास्टिक मऊ करतात किंवा त्याला तडे पाडतात.

ग्रीसमिश्रित पाणी वा द्रावक मोरीत ओतू नये. मेण थंड होऊन नळात गोठते. ते डब्यात जमा करून वेगळे टाकावे.

फायरिंग पिनच्या नलिकेत भरपूर तेल सोडू नये. काढलेल्या ग्रीसच्या जागी दुसरा चिकट पदार्थ भरल्यास साध्य काय झाले?

काढू नये असेही ग्रीस

प्रत्येक ग्रीस संरक्षकच असते असे नाही. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीच्या नव्या पिस्तुलांच्या स्लाइडवर काही ठिकाणी तांबूस रंगाचे वंगण लावलेले असते. ते काढू नये, अशी स्पष्ट सूचना कंपनीची माहितीपुस्तिका देते. कारण ते स्लाइडला दीर्घकाळ वंगण पुरवण्यास मदत करते. पुस्तिका न वाचता उत्साहाने सगळे धुऊन काढणाऱ्यांच्या हातून नेमके तेच वंगण जाते. कोठे किती सफाई करावी याचा अंतिम निर्णय म्हणूनच उत्पादकाच्या सूचनेवर सोपवावा.

कोरडे ठेवणे ही चूक

ग्रीस निघाले म्हणजे काम संपले, असे समजणारे शस्त्र अर्धवट अवस्थेत सोडून देतात. द्रावकाने धातूवरील प्रत्येक स्निग्ध कण निघून गेलेला असतो. आता त्या धातूला कसलेच कवच नसते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडे पोलाद ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण.

त्यामुळे कोरडे केलेल्या प्रत्येक भागावर शस्त्रांसाठीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. पातळ म्हणजे बोटाला जाणवेल, पण ओघळणार नाही इतका. स्लाइड ज्या पट्ट्यांवर सरकते तेथे आणि नळीच्या बाहेरच्या घासणाऱ्या भागांवर एकेक थेंब पुरतो. नळीच्या आत तेलाचा हलका थर ठेवावा आणि झाडण्यापूर्वी कोरड्या कापडाने तो काढावा. खोबरेल किंवा गोडेतेल घरात हाताशी असते म्हणून ते वापरले जाते. पण खाद्यतेले हवेने खवट होऊन चिकटतात आणि खोबरेल थंडीत गोठते.

त्यानंतर सर्व भाग जोडून, शस्त्र पुन्हा एकदा रिकामे असल्याची खात्री करून, हालचाल तपासावी. स्लाइड अडखळत नाही ना, मॅगझिन नीट बसते ना, सिलिंडर प्रत्येक घरावर नेमके थांबते ना, एवढे पाहिले की शस्त्र नेमबाजीच्या मैदानावर नेण्यास सिद्ध झाले. ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेले क्षार धातूला लागतात. बंद पेटीत सिलिका जेलची पुडी आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात, हा पावसाळ्यातील साधा नियम.

कायद्याची चौकट

भारतात बंदूक बाळगणे हा परवान्याचा विषय आहे आणि सफाईही त्या चौकटीबाहेर नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रांची दुरुस्ती करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. नित्याची सफाई मालकाने करण्यास हरकत नाही. पण आतील यंत्रणेत दोष आढळला तर परवानाधारक कारागिराकडेच जावे लागते. शस्त्र दुरुस्तीसाठी दुसऱ्याकडून पाठवायचे असल्यास ते परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानेच नेता येते. 'मित्राला यातले कळते' म्हणून त्याच्याकडे चार दिवस शस्त्र ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणी आणि साठवणूक यांच्या प्रशिक्षणाला महत्त्व दिले, तर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

सफाई करताना शस्त्रावरील क्रमांक आणि कारखान्याच्या खुणा पुसट होणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी. ओळखखुणा खोडणे हा कायद्याने स्वतंत्र अपराध आहे. ग्रीस निघाल्यावर हा क्रमांक परवान्यावरील नोंदीशी ताडून पाहण्याची ही उत्तम वेळ.

पुन्हा ग्रीस कधी?

ग्रीस काढले म्हणजे त्याची गरज कायमची संपली असे नाही. निवडणुकांच्या काळात अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. ती आठवडेच्या आठवडे, कधी त्याहून अधिक काळ, इतर शस्त्रांसोबत खोलीत पडून राहतात. तेथे महिन्याला तेलाचा हात फिरवायला कोणी नसते. परदेशी जाणाऱ्या किंवा दीर्घ आजारात असलेल्या शस्त्रधारकाची स्थिती याहून वेगळी नाही. अशा वेळी कारखान्याने जे केले तेच मालकाने करावे : शस्त्र स्वच्छ व पूर्ण कोरडे करून त्यावर जाडसर संरक्षक थर द्यावा. ओलावा आत अडकवून वरून ग्रीस लावले, तर कवचाखालीच गंज चढतो.

परत मिळाल्यावर सफाईचा क्रम पुन्हा पहिल्यापासून. अशा शस्त्राला 'नळीत आणि घरात ग्रीस आहे' अशी चिठ्ठी बांधून ठेवण्याची पद्धत जुनी असली, तरी शहाणपणाची आहे. घरात ते शस्त्र उचलणारी व्यक्ती प्रत्येक वेळी ते ठेवणारीच असेल, याची हमी कोण देणार?